सोल्डरिंगचे दोन कायदे : निसर्गाचा आणि सरकारचा



गेल्या काही महिन्यांत मंडळाच्या दोन-तीन कुटुंबांनी मला एकच प्रश्न विचारला. मुलाला घरच्या घरी एलईडी बल्ब जोडण्याचा धंदा सुरू करायचा आहे. सुटे भाग आणि टोपी दाबायचे छोटे यंत्र असा संच मिळतो, मोबाईलवर त्याचे व्हिडिओ पाहून झाले आहेत, तर कर्ज मिळेल का? माझी सारी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे कर्जाचे प्रश्न माझ्याकडे येणारच. पण या धंद्यात कर्जाचा प्रश्न शेवटी येतो. त्याआधी दोन कायदे समजून घ्यावे लागतात, एक निसर्गाचा आणि दुसरा सरकारचा. हा लेख त्यासाठी.

मी बी.कॉम. झालेला माणूस. शाळा सुटली तसा विज्ञानाशी संबंध सुटला. तरी या विषयात लक्ष घालावे लागले, कारण एका कर्जाने मला धडा शिकवला.

मुद्रा योजना एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाली, त्यानंतरच्या वर्षातली ही गोष्ट. एक मेहनती तरुण टीव्ही दुरुस्ती करत असे. त्याला एलईडी बल्ब जोडायचे होते. मी कर्ज मंजूर केले आणि पाहणीसाठी त्याच्या घरी गेलो. मागच्या खोलीत एक टेबल, त्यावर सोल्डरिंग आयर्न, शेजारी त्याची पत्नी बल्ब खोक्यात भरत होती. टेबलाखाली त्यांचे वर्षा-सव्वा वर्षाचे बाळ रांगत होते. मी यंत्र पाहिले, माल मोजला, विम्याचे कागद तपासले, बँकेच्या तारणाची पाटी लावली आहे की नाही ते पाहिले आणि अहवाल भरला.

सहा महिन्यांत दुकानदारांनी बल्ब परत करायला सुरुवात केली. “साहेब, दिवा लागतो, पण टिकत नाही,” असे तो सांगायचा. पुढे एका मोठ्या दुकानदाराने खोक्यावरचा सरकारी नोंदणी क्रमांक मागितला. तो नव्हता. माल पडून राहिला, हप्ते थकले, नव्वद दिवस उलटले आणि खाते अनुत्पादक झाले. एकाच खोलीत दोन्ही कायदे मोडले गेले होते. मोडणाऱ्याला ते माहीत नव्हते आणि कर्ज देणाऱ्या मलाही माहीत नव्हते.

आधी निसर्गाचा कायदा पाहू. आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी दारात कल्हईवाला पाहिला आहे, त्यांना सोल्डरिंग निम्मे समजलेलेच आहे. तो भाता चालवून भांडे आधी चांगले तापवायचा. मग नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने फिरवायचे की भांडे आतून चांदीसारखे चमकू लागे. भांडे थंड असेल तर कथील गोळी होऊन पडे. भांडे मळके असेल तर ते धरत नसे. नवसागर नसेल तरी धरत नसे.

सोल्डरिंगमध्ये हेच तीन नियम आहेत. तांबे हवेत उघडे राहिले की त्यावर ऑक्साइडचा थर बसतो, आणि वितळलेले कथील त्या थरावर पसरत नाही. तो थर काढण्याचे काम कल्हईत नवसागर करतो, सोल्डरिंगमध्ये फ्लक्स करते. सोल्डरच्या तारेच्या पोटात जी राळ भरलेली असते, तेच हे फ्लक्स. दुसरा नियम असा की जोडायच्या दोन्ही वस्तू तापल्या पाहिजेत. नवशिका माणूस आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवतो आणि तो थेंब जोडावर ठेवतो. थेंब बसल्यासारखा दिसतो, पण खाली धरलेला नसतो. योग्य पद्धत म्हणजे टोकाने तार आणि पट्टी तापवायची आणि सोल्डर त्या तापलेल्या जोडाला लावायचे. तिसरा नियम, सोल्डर गोठेपर्यंत जोड हलता कामा नये. हे नियम चुकले की जो जोड होतो त्याला कारागीर ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. आपल्या साध्या भाषेत, कच्चा डाग.

आता त्या तरुणाचे बल्ब का टिकले नाहीत ते सांगतो. एलईडी बल्बमधली पट्टी ॲल्युमिनियमची असते. एलईडी तापला की लवकर जळतो, म्हणून उष्णता ओढून घेण्यासाठी ती मुद्दाम तशी केलेली असते. पण ती पट्टी दिव्याची उष्णता ओढते तशीच सोल्डरिंग आयर्नचीही ओढते. त्याच्याकडे २५ वॅटचे लहान आयर्न होते. टीव्हीच्या साध्या बोर्डाला ते पुरत असे. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तार जोडताना मात्र जोड तापायच्या आतच उष्णता पसरून जाई. डाग वरून बसलेले दिसत, आतून कच्चे राहत.

कच्चा डाग पहिल्या दिवशी चालतो, हीच खरी अडचण आहे. बल्ब लावला की पट्टी तापून प्रसरण पावते, विझवला की आकुंचन पावते. तांबे, कथील आणि ॲल्युमिनियम यांचे प्रसरण सारखे नसते. रोज चार-पाच वेळा ही ओढाताण झाली की कच्च्या डागाला चीर जाते आणि दिवा लुकलुकू लागतो. आपल्याकडे थंडीतल्या पहाटे पारा एक आकडी होतो आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जातो, हे आदिलाबादकरांना सांगायला नको. घराबाहेर लावलेल्या दिव्याला हा ताण आणखी सोसावा लागतो.

जास्त विजेच्या कामात, म्हणजे इन्व्हर्टर किंवा बॅटरीच्या तारांत, कच्चा डाग धोक्याचा ठरतो. तारेतून जाणाऱ्या प्रवाहाचा वर्ग करा आणि त्याला अडथळ्याने गुणा, म्हणजे किती उष्णता तयार होते ते कळते. हा जूलचा नियम. समजा, कच्च्या डागाचा अडथळा फक्त ०.१ ओहम आहे. एक अँपिअर प्रवाह असेल तर उष्णता ०.१ वॅट, कळणारही नाही. प्रवाह दहा अँपिअर झाला की उष्णता दहापट न होता शंभरपट होते, म्हणजे १० वॅट. गव्हाच्या दाण्याएवढ्या जागेत २५ वॅटच्या आयर्नच्या जवळजवळ निम्मी उष्णता! असा डाग स्वतःच स्वतःला वितळवतो. चक्रवाढ व्याज ज्याला समजते त्याला हे वर्गाचे गणितही समजेल. छोटी चूक छोटी राहत नाही.

आता सोल्डरमध्ये काय असते ते पाहू. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांना. दोन्ही मिसळले तर मधले तापमान येईल असे आपल्याला वाटते. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे घेतले तर मिश्रण १८३ अंशांनाच वितळते, दोघांपेक्षाही आधी. शिवाय शिसे स्वस्त, आणि मिश्रण छान पसरते. म्हणून अनेक दशके जगभर हेच वापरले गेले. आपल्याकडच्या दुकानांतही सोल्डरच्या रिळावर बहुधा ६०/४० लिहिलेले दिसते. त्यातले ४० म्हणजे शिसे.

शिसे विष आहे. ते मेंदूला, मज्जासंस्थेला, रक्ताला आणि मूत्रपिंडाला बाधते. मुलांसाठी शिशाची अमुक पातळी सुरक्षित आहे असे सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. तेवढ्याच शिशापैकी लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेते. शरीरात गेलेले शिसे हाडांत साठते, आणि गरोदरपणात हाडांतून पुन्हा रक्तात उतरून पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते.

इथे बहुतेकांची एक चुकीची समजूत असते. सोल्डरिंगचा धूर म्हणजे शिशाचा धूर, असे त्यांना वाटते. तसे नाही. शिसे उकळायला १७०० अंशांहून जास्त तापमान लागते, आयर्नचे टोक साधारण ३५० अंशांवर असते. दिसणारा धूर राळेचा असतो. तोही चांगला नाही, रोज छातीत गेला तर दमा जडू शकतो, म्हणून खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा हवा. पण शिसे शरीरात जाते ते मुख्यतः हातावाटे तोंडात. सोल्डरची तार बोटांत धरली की काळसर पूड बोटांना लागते. त्याच हाताने तंबाखू मळली, खर्रा तोंडात टाकला, बिडी ओढली, भाकरी खाल्ली की शिसे पोटात गेले. सोल्डरचे कण आणि पूड टेबलाखाली पडते. टेबलाखाली कोण असते ते मी वर लिहिलेच आहे. माझ्या पाहणी अहवालात यंत्राला रकाना होता, मालाला होता, विम्याला होता. रांगणाऱ्या बाळाला रकाना नव्हता. निवृत्त झाल्यावरही ती गोष्ट मनातून जात नाही.

आता सरकारचा कायदा. आमच्या पिढीला आठवत असेल, घरात रेडिओ ठेवायलाही परवाना लागत असे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याप्रमाणे दरवर्षी पोस्टात जाऊन फी भरायची आणि पुस्तिकेवर तिकीट लावून शिक्का घ्यायचा. ऐंशीच्या दशकात तो परवाना गेला. असे कायदे जातात, कारण त्यांच्यामागे महसूल असतो किंवा नियंत्रण असते. शिशाच्या कायद्याच्या मागे मात्र शरीराचा नियम उभा आहे, म्हणून तो जगभर कडकच होत चालला आहे.

युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर मर्यादा घातली. वस्तूच्या प्रत्येक एकजिनसी भागात वजनाच्या ०.१ टक्क्याहून जास्त शिसे नको. ६०/४० सोल्डरमध्ये ते ४० टक्के असते, म्हणजे मर्यादेच्या चारशे पट. भारतात ई-कचरा नियम २०११ साली आले आणि ही मर्यादा १ मे २०१४ पासून नियमांत नमूद केलेल्या वस्तूंना लागू झाली. नंतर २०१६ चे नियम आले, आणि आता १ एप्रिल २०२३ पासून २०२२ चे नियम लागू आहेत.

शिसे काढले की निसर्गाचा कायदा पुन्हा पुढे येतो. शिसेविरहित सोल्डर म्हणजे बहुतांश कथील, थोडी चांदी आणि थोडे तांबे. ते २१७ ते २२० अंशांना वितळते, म्हणजे जुन्यापेक्षा पस्तीसेक अंश जास्त. आयर्न चांगले लागते, हात सफाईदार लागतो आणि रीळ महाग पडते. जुना चकचकीत डाग पाहायची सवय झालेल्याला नवा डाग मंद दिसतो, तो कच्चाच असेल असे नाही. सरकारचा एक नियम बदलला की कारागिराला असे पुन्हा शिकावे लागते.

आता मुख्य मुद्दा. सरकारी कायद्याला उंबरठा असतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात, वीज वापरून काम होत असेल तर दहा कामगारांपासून कारखाना धरला जाई. त्याच कायद्यातील धंद्यातून होणाऱ्या रोगांच्या यादीत पहिलेच नाव शिशाच्या विषबाधेचे आहे. नव्या कामगार संहितेत ही मर्यादा वीस कामगारांची झाली. ई-कचऱ्याच्या नियमांतूनही सूक्ष्म उद्योगांना वगळले आहे. यामागे हेतू चांगला आहे, छोट्या माणसावर कागदांचा बोजा पडू नये. पण त्याचा परिणाम असा की मागच्या खोलीत नवरा-बायको दोघांनी चालवलेल्या धंद्यात कोणी निरीक्षक येत नाही, कोणी रक्त तपासत नाही, हात धुवायची जागा आहे का ते कोणी विचारत नाही. मोठ्या कारखान्यात कामगाराच्या जवळपास मूल फिरकत नाही. घरगुती धंद्यात ते टेबलाखाली असते. म्हणजे सरकारचा कायदा जिथे थांबतो, नेमके तिथेच निसर्गाचा कायदा सर्वांत जास्त कडक होतो. तिथे पहारा आपणच ठेवायचा आहे.

मात्र एक सरकारी कायदा छोट्यालाही सोडत नाही. भारतीय मानक ब्युरोकडील सक्तीची नोंदणी २०१२ च्या आदेशाने सुरू झाली. २०१४ मध्ये त्यात एलईडी बल्ब आले, मोबाईलचे चार्जर आणि पॉवर बँकही त्या यादीत आहेत. विक्रीसाठी असा माल बनवायचा असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यावा लागतो, आणि मग त्या जागेच्या कारखान्याला, त्या ब्रँडसाठी क्रमांक मिळतो. मालावर नोंदणीचे चिन्ह, ‘आर’ ने सुरू होणारा क्रमांक आणि मानकाचा आयएस क्रमांक छापावा लागतो. दुसऱ्या कोणाचा क्रमांक आपल्या खोक्यावर छापणे चालत नाही. २०१६ च्या भारतीय मानक ब्युरो कायद्यात नोंदणीशिवाय विकणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या वेळी किमान दोन लाख रुपये दंड आहे. बल्बचा संच विकणारा हे सहसा सांगत नाही. त्याचा धंदा संच विकल्यावर पूर्ण होतो, आपला तिथून सुरू होतो.

हा कायदा उगाच केलेला नाही. स्वस्त बल्बच्या आतल्या बोर्डावर बहुधा थेट २३० व्होल्ट खेळत असतात. टोपी सैल झाली आणि बल्ब बदलताना कोणाचा हात आत लागला, तर काय होईल ते सांगायला नको. तपासणी होते ती यासाठी.

मग आपल्या मुलांनी हे काम करूच नये का? असे मी म्हणत नाही. साधी माणसे हे काम उत्तम करू शकतात, याचा मोठा दाखला मुंबईच्या आयआयटीने दिला आहे. प्राध्यापक चेतनसिंह सोलंकी यांच्या पुढाकाराने तिथे ‘सोल’ प्रकल्प झाला, विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाचे सौर दिवे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशातल्या गावांत स्थानिक लोकांना शिकवून त्यांच्याकडूनच दिवे जोडून घेतले गेले, आणि दुरुस्तीची सोयही तिथेच केली. रचना आणि सुटे भाग संस्थेने ठरवलेले, जोडणी गावाची. धंदा करायचा तर रचना, तपासणी आणि जोडणी यांची अशी वाटणी कोणाशी तरी असावी.

दुरुस्तीचा मार्ग तर आजही मोकळा आहे. ही नोंदणी विक्रीसाठी नवा माल बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला लागते, गिऱ्हाईकाचा बिघडलेला बल्ब किंवा मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला लागत नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा अभ्यासक्रम असतो. बँकांतर्फे जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था चालतात, तिथले प्रशिक्षण मोफत असते. आधी हात बसवा, मग कर्ज घ्या.

ज्यांच्या घरी हे काम चालते किंवा चालणार आहे, त्यांनी एवढे जरूर पाळावे.

१. कामाची जागा स्वयंपाकघरापासून आणि मुलांपासून वेगळी ठेवा. टेबलाखाली मूल नको, गरोदर स्त्रीने शिशाचे सोल्डर हाताळू नये.

२. काम चालू असताना खाणे, तंबाखू, खर्रा, बिडी बंद. उठल्यावर साबणाने हात धुवा, मगच मुलाला उचला.

३. जमीन कोरड्या झाडूने झाडू नका, पूड उडते. ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे वेगळे धुवा.

४. परवडेल तर शिसेविरहित सोल्डर वापरा. नव्या बोर्डाला जुने शिशाचे सोल्डर लावू नका.

५. वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्याने आणि त्याच्या घरच्या लहान मुलांनी डॉक्टरांना विचारून रक्तातील शिशाचे प्रमाण तपासून घ्यावे.

६. जुने बोर्ड आणि तारा जाळू नका. जाळल्याने शिसे नष्ट होत नाही. आमच्या हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर रक्कम बुडत नाही, फक्त खाते बदलते. बोर्डाच्या खात्यातून ती राखेच्या, मातीच्या आणि शेवटी तलावाच्या खात्यात जमा होते. आपला मावल्याचा तलाव आपल्या डोळ्यांसमोर आहे. असा कचरा साठवून अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्या.

७. संच विकत घेण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा, “माझ्या जागेची नोंदणी कोण करून देणार आणि त्याचा खर्च किती?” उत्तर लेखी घ्या.

बँकेत आम्हाला शिकवले होते की कर्जदाराची परतफेडीची ऐपत पाहा. निसर्ग ऐपत पाहत नाही. तो मुदतवाढ देत नाही आणि व्याजही माफ करत नाही. सरकारच्या कार्यालयात एखादा कागद उशिरा दिला तर चालून जाते, बाळाच्या रक्तात गेलेले शिसे कोणत्याही अर्जाने सहज परत येत नाही.

त्या तरुणाने पुढे तडजोडीने कर्ज फेडले आणि पुन्हा दुरुस्तीकडे वळला. त्याचा हात आता पक्का आहे. मागे भेटलो तेव्हा दुकान घरापासून वेगळे घेतल्याचे त्याने सांगितले. दुकानात हात धुवायची मोरी आणि साबण पाहिला, तेव्हा बरे वाटले.

कोणाच्या मुलाला या धंद्यात यायचे असेल तर त्याला माझ्याकडे अवश्य पाठवा. कागद आपण मिळून पाहू, पण आधी तो काम कुठे बसून करणार आहे ती खोली मला दाखवावी लागेल.